दमा समजून तीन वर्षं पंप, आणि निघाला श्वासनलिकेतला श्वान्नोमा: आता कुणाचं ऐकायचं?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बहीण ३४ वर्षांची, शाळेत शिक्षिका. तीन वर्षं दमा म्हणून पंप चालू, मध्येमध्ये स्टिरॉइडच्या गोळ्या. गेल्या महिन्यात जिना चढताना घशातून आवाज यायला लागला म्हणून सीटी काढला, तर श्वासनलिकेच्या खालच्या भागात १.८ सेंटीमीटरची गाठ. ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी, झाली. पहिल्या बायोप्सीत 'नॉर्मल म्यूकोसा' (नळीचं साधं आतलं अस्तर) आलं, दुसऱ्या वेळी 'स्पिंडल सेल ट्यूमर, श्वान्नोमाची शक्यता'. एक डॉक्टर म्हणतात दुर्बिणीतून काढू, दुसरे म्हणतात छाती उघडून नळीचा तेवढा तुकडाच काढावा लागेल. कॅन्सर आहे का, आणि या दोघांत बरोबर कोण?

आधी कॅन्सरचं बोलू, कारण ते डोक्यातून गेल्याशिवाय बाकी काही वाचलं जाणार नाही. श्वान्नोमा हा कॅन्सर नाही. तो शरीरभर पसरत नाही, हळू वाढतो, नीट काढला तर बहुतेकांना पुन्हा त्रास देत नाही. पण म्हणून निवांत राहू असंही नाही. मी पेशंटच्या घरच्यांना नेहमी सांगतो, गाय गरीबच आहे हो, पण बसलीय नेमकी दारात आडवी. हाच १.८ सेंटीमीटरचा श्वान्नोमा दंडात असता तर दोन वर्षं कुणी विचारलं नसतं. श्वासनलिकेत तो जीवावर बेतू शकतो, आणि ते गाठीच्या स्वभावामुळे नाही, जागेमुळे. पुढचं सगळं वाचताना हे एवढं धरून ठेवा, म्हणजे डॉक्टर लोक असं का वागतायत ते कळेल.

श्वान्नोमा म्हणजे काय तर नसेवर विजेच्या वायरच्या प्लॅस्टिकसारखं एक वेष्टण असतं, ते बनवणाऱ्या पेशींना जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांच्या नावावरून श्वान सेल म्हणतात, त्या पेशींची ही गाठ. कानाच्या नसेवर, मानेत, मणक्याजवळ ती आम्हाला बऱ्यापैकी दिसते. श्वासनलिकेच्या भिंतीतही बारीक नसा असतात, तिथूनही ती उगवू शकते, फक्त हे इतकं कमी होतं की छातीचे कितीतरी डॉक्टर अख्ख्या करिअरमध्ये एकही न बघता रिटायर होतात. मुळात श्वासनलिकेत सुरू होणाऱ्या गाठीच दुर्मिळ, त्यात मोठ्या माणसांमध्ये निघालेल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्याच असतात, आणि उरलेल्या साध्या गाठींमधला एक छोटा वाटा हा. त्यामुळे पहिल्या डॉक्टरच्या डोक्यात हे नाव आलं नाही म्हणून त्यांना फार दोष देऊ नका. तीन वर्षांत नळीचा विचारच आला नाही, याबद्दल मात्र थोडा द्या.

आता दमा का वाटला, ते जरा सविस्तर सांगतो, कारण ताईंसारखे अजून किती जण आत्ता पंप ओढत बसले असतील कोण जाणे. मोठ्या माणसाची श्वासनलिका साधारण ११ सेंटीमीटर लांब आणि दीड ते दोन सेंटीमीटर रुंद असते. म्हणजे निसर्गाने भरपूर जागा जास्तीची ठेवलीय, आणि तोच घोटाळा आहे, कारण निम्मी रुंदी गेली तरी बसल्या जागी माणसाला काही जाणवत नाही. साधारण ८ मिलिमीटरवर आलं की जिना, चढ, घाईघाईने बस पकडणं यात धाप लागते, आणि ५ मिलिमीटरच्या आसपास आलं की बसल्या बसल्या आवाज यायला लागतो. या ८ ते ५ मधलं अंतर पेशंटला वाटतं तितकं मोठं नाही. नळीतून हवा जायला होणारा अडथळा व्यासाच्या चौथ्या घातात बदलतो, म्हणजे नळी ६ मिलिमीटरची ५ झाली, फक्त एक मिलिमीटर गेला, की अडथळा सरळ दुप्पट, आणि अशा अरुंद जागेत हवा सरळ न जाता भोवरे करत जाते म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. म्हणूनच अशी माणसं तीन वर्षं 'ठीकठाक' असतात आणि मग एका साध्या सर्दीत, आतल्या आवरणाला जरा सूज आली की, रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत येतात.

यावरून एक सांगतो, सीटीच्या रिपोर्टात 'सत्तर टक्के अडथळा' असं लिहिलं असेल तर रेडिओलॉजिस्टला विचारा की हे क्षेत्रफळाचं का व्यासाचं. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पंचाहत्तर टक्के गेलेलं असतं, त्यामुळे तोच आकडा एका अर्थाने बरा आणि दुसऱ्या अर्थाने भीतीदायक असतो. मला टक्के नकोतच, मला मिलिमीटर द्या, सगळ्यात अरुंद जागी किती उरलंय आणि ती जागा स्वरयंत्रापासून किती खाली आहे, एवढं पुरे.

दमा कमीजास्त होतो. सकाळी एक, दुपारी एक, पंपाने मोकळं, धुळीने बंद. नळीत गाठ असली की त्रास रोज तसाच आणि महिन्यागणिक थोडा थोडा वाढता. दम्याची सूं सूं बहुतेक श्वास सोडताना आणि छातीभर ऐकू येते. वरच्या मोठ्या नळीत अडथळा असला तर आवाज एकाच सुराचा असतो, बऱ्याचदा श्वास आत घेताना, आणि स्टेथोस्कोप गळ्यावर ठेवला तर छातीपेक्षा तिथे मोठा ऐकू येतो. गळ्यावर स्टेथोस्कोप ठेवायला दहा सेकंद लागतात आणि पैसे शून्य, तरी आम्ही डॉक्टर लोक ते विसरतो. काही पेशंट स्वतःच सांगतात की एका कुशीवर झोपलं की घरघर वाढते, दुसऱ्या कुशीवर कमी होते, त्यांची गाठ बहुधा देठाची असते, हलते. माझ्याकडे एक एसटीतले रिटायर कंडक्टर काका आले होते, ते दीड वर्ष खुर्चीत बसून झोपायचे आणि घरचे म्हणायचे वयामुळे चिडचिडे झालेत. स्टिरॉइडने दोनचार दिवस बरं वाटतं ही अजून एक फसवणूक, कारण गाठीभोवतीची सूज उतरते, गाठ तिथेच असते, आणि डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही वाटतं की बघा, दमाच होता.

स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून श्वास मोजायची तपासणी, केली असेल तर कपाटातून तो जुना कागद काढा आणि आकडे सोडून ग्राफ बघा. नेहमीचा ग्राफ वर टोकदार डोंगर आणि खाली गोल वाटी असा असतो. अडथळा पक्का असला तर डोंगराचं टोक कापलेलं आणि वाटीचा तळही सपाट, सगळं मिळून चपट्या डब्यासारखं दिसतं. अडथळा छातीच्या आत आणि थोडा हलता असला तर वरची बाजू सपाट, गळ्याच्या भागात असला तर खालची. आपल्याकडे गोची अशी की बऱ्याच ठिकाणी फक्त फुंकायला लावतात, जोरात आत ओढायला लावतच नाहीत, मग खालचा अर्धा ग्राफ येणार कुठून. अजून एक जुनी सोपी खूण १९७२ मध्ये एम्पी नावाच्या डॉक्टरांनी मांडली होती, पहिल्या सेकंदात सोडलेली हवा मिलिलिटरमध्ये घ्यायची आणि तिला पीक फ्लोच्या, म्हणजे जोरात फुंकताना हवेचा जो सगळ्यात जास्त वेग येतो त्याच्या, लिटर दर मिनिट आकड्याने भागायचं, उत्तर १० च्या वर गेलं तर वरच्या नळीत अडथळ्याचा संशय घ्यायचा. म्हणजे २२०० ला १६० ने भागलं तर पावणेचौदा, इथे दमा म्हणून गप्प बसायचं नाही. साधा एक्स-रे बहुतेक वेळा नॉर्मल येतो, कारण सगळे फुप्फुसं बघतात, श्वासनलिकेची मधली काळी पट्टी कुणी बघत नाही.

आता सीटीकडे येऊ, कारण तुमच्या दोन डॉक्टरांच्या भांडणाचं मूळ तिथे आहे. श्वान्नोमा नळीच्या आत दिसतो तेवढाच असतो असं नाही. तो आतल्या अस्तराच्या खाली, भिंतीत उगवतो आणि दोन्हीकडे वाढू शकतो, आत एक फुगवटा, भिंतीत कंबर, बाहेर दुसरा फुगवटा, अगदी डमरूसारखा. दुर्बिणीला डमरूची आतली बाजूच दिसते. म्हणून कॉन्ट्रास्ट देऊन केलेला, बारीक काप असलेला सीटी हवा आणि उभ्या छेदातली चित्रं हवीत, आणि त्यात एकच गोष्ट शोधायची: भिंतीच्या बाहेर काही आहे का, असलं तर किती, अन्ननलिकेला किंवा मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलंय का. शंका राहिली तर एमआरआय करतात, मऊ भागांची सीमा त्यात चांगली कळते. पेट स्कॅनच्या, म्हणजे शरीरात साखर कुठे जास्त वापरली जाते ते दाखवणाऱ्या स्कॅनच्या, नादी मात्र लगेच लागू नका. श्वान्नोमा कॅन्सर नसूनही पेटवर चांगला चमकू शकतो, मग रिपोर्टात 'मॅलिग्नन्सी रूल आउट करा' येतं आणि घरात रडारड सुरू होते. पेट चमकलं म्हणजे कॅन्सर असं इथे धरता येत नाही, निर्णय मायक्रोस्कोपचा.

पहिली बायोप्सी 'नॉर्मल' का आली? डॉक्टर चुकले असं नाही. गाठ अस्तराखाली आहे, अस्तर वर चादरीसारखं धड आहे, छोट्या चिमट्याने वरवर टिपलं तर चादरीचाच तुकडा येणार. स्कोपमधून ही गाठ गुळगुळीत, पिकलेल्या बोरासारखी तकतकीत दिसते, वर कधी बारीक रक्तवाहिन्या पसरलेल्या. तिचं खरं मांस हवं असेल तर त्याच जागी पुन्हा पुन्हा घेऊन खोल जावं लागतं, किंवा अल्ट्रासाऊंडवाल्या स्कोपने सुई घालून नमुना घेता येतो, किंवा मग सगळी गाठच काढून तपासायची.

आणि इथे माझी एक चूक सांगतो. खूप वर्षांपूर्वी, नवा नवा होतो, अशीच एक गुळगुळीत गाठ दिसली, पेशंट साध्या गुंगीच्या औषधावर, लवचिक स्कोप आत, मला वाटलं आलोच आहे तर घेऊन टाकू तुकडा. रक्त फार नाही आलं, चमचाभर असेल, पण नळीच तेवढी उरलेली नव्हती की चमचाभर रक्ताला जागा मिळावी. सॅच्युरेशन धाडकन साठवर. अ‍ॅनेस्थेसियाच्या मॅडम शेजारच्या ओटीत होत्या म्हणून निभावलं, पेशंट सुखरूप घरी गेला, मी मात्र दोन रात्री झोपलो नाही. तेव्हापासून माझा नियम असा की मोठ्या नळीत निम्म्याहून जास्त जागा अडलेली असली तर चिमटा लावायचा तो फक्त ओटीत, रिजिड स्कोप बाजूला तयार ठेवून, आणि शक्यतो त्याच बैठकीत वाट मोकळी करायच्या तयारीने. रिजिड स्कोप म्हणजे सरळ धातूची नळी. जर्मनीत फ्रायबुर्गला गुस्टाव किलियान यांनी १८९७ मध्ये श्वासनलिकेत अडकलेलं हाड नळी घालून काढलं, तिथून ही विद्या सुरू झाली आणि सव्वाशे वर्षांनंतरही अडलेल्या श्वासनलिकेत तिच्यासारखं भरवशाचं काही नाही, कारण तिच्यातूनच श्वास देता येतो, तिच्यातूनच रक्त ओढता येतं आणि तिच्याच कडेने गाठ खरवडता येते. ताईंची दोनदा बायोप्सी सुखरूप झाली, चांगलं झालं. तिसरी कुणी सुचवली तर आधी विचारा, कुठे करणार आणि रिजिड आहे का.

'स्पिंडल सेल' हे निदान नाही, नुसतं वर्णन आहे, पेशी चातीसारख्या लांबट दिसतात एवढंच. असं दिसणाऱ्या डझनभर गाठी आहेत, साध्या आणि वाईट दोन्ही. श्वान्नोमात मायक्रोस्कोपखाली दोन प्रकारचा भाग असतो, दाट आणि विरळ, त्यांना अँटोनी ए आणि बी म्हणतात, आणि दाट भागात केंद्रकं रांगा करून समोरासमोर उभी राहतात, शाळेच्या प्रार्थनेला दोन ओळी असाव्यात तशी, त्याला व्हेरोके बॉडी म्हणतात. छोट्या बायोप्सीत हे सगळं सापडेलच असं नाही म्हणून इम्युनोहिस्टो, म्हणजे पेशींमधली ठराविक प्रथिनं (मार्कर) रंगवून बघायची तपासणी, लागतं. एस-१०० आणि सॉक्स-१० हे दोन मार्कर जोरात आणि सगळीकडे पॉझिटिव्ह, स्नायूचे मार्कर म्हणजे डेस्मिन, एसएमए निगेटिव्ह, पेशींची वाढ दाखवणारा केआय-६७ कमी, असं आलं की मी निश्चिंत होतो. एस-१०० फिकट, तुटकतुटक आला किंवा पेशी जास्त वेगाने फुटताना दिसल्या तर मात्र थांबायचं आणि वाईट प्रकाराचा विचार करायचा, त्यासाठी आता एच३के२७एमई३ नावाचा मार्कर आहे, तो नाहीसा झालेला असणं ही वाईट प्रकाराकडे बोट दाखवणारी खूण. उलटही होतं, जुन्या मुरलेल्या श्वान्नोमात केंद्रकं वेडीवाकडी दिसतात आणि घाईत कुणी सार्कोमा, म्हणजे मऊ भागांचा कॅन्सर, म्हणून टाकतो. म्हणून ताईंचे ब्लॉक (मेणात बसवलेले बायोप्सीचे तुकडे) आणि स्लाइड लॅबमधून मागून घ्या, ते मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि सॉफ्ट टिश्यूच्या गाठी रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा, मुंबईत टाटा मेमोरियलला असं सेकंड ओपिनियन मिळतं. ऑपरेशनचा आकार यावर ठरणार आहे, त्यामुळे हा आठवडा वाया गेला असं समजू नका.

दिसायला भाऊबंद वाटतील अशा गाठींचं पटकन सांगतो. कार्सिनॉइड पण गुळगुळीत आणि लालसर, पण रक्त फार येतं, थुंकीतून रक्त पडल्याचा इतिहास असतो. अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा सगळ्यात बनेल, दिसतो छोटा आणि अस्तराखालून लांबवर सरकलेला असतो. आपल्या देशात टीबीचा विचार कायम ठेवायचा, नळीतला टीबीही गाठीसारखा दिसू शकतो. आणि ग्रॅन्युलर सेल ट्यूमर, हाही श्वान पेशींचाच, एस-१०० पॉझिटिव्हच, पण याची एक खोड आहे, तो आपल्यावरचं अस्तर असं काही जाड आणि वेडंवाकडं करून ठेवतो की वरवरच्या बायोप्सीत ते हुबेहूब स्क्वॅमस कॅन्सर वाटतं. स्वरयंत्रात अशी गाठ असताना नुसत्या वरवरच्या तुकड्यावरून मोठं ऑपरेशन ठरवणं म्हणजे केवढा अनर्थ, विचार करा.

ताईंच्या अंगावर चहाच्या रंगाचे डाग आहेत का बघा. मोठ्या माणसात दीड सेंटीमीटरहून मोठे सहा किंवा जास्त, काखेत बारीक ठिपके, कातडीवर मऊ गाठी, घरात कुणाला तसंच, तर न्यूरोफायब्रोमाटोसिस टाइप १ (एनएफ-१) या नसांवर गाठी येणाऱ्या जनुकीय आजाराचा विचार होतो. हा आजार साधारण तीन हजारांत एकाला असतो आणि निम्म्या लोकांत घरात आधी कुणालाच नसतो. एकटा श्वान्नोमा असणाऱ्या बहुतेकांना असा कुठलाच आजार नसतो, पण बघायला काय जातंय. लहान मुलांत गोष्ट वेगळी, तिथे स्वरयंत्राच्या वरच्या घडीत प्लेक्सिफॉर्म न्यूरोफायब्रोमा होतो, ही एनएफ-१ मधली नसांची गाठ, वेलीसारखी पसरलेली, तिला श्वान्नोमासारखं कवच नसतं, सगळी काढायला गेलं तर गिळणं आणि आवाज दोन्ही जातात, म्हणून थोडं थोडं काढून वाट मोकळी ठेवायची. अशा काढता न येणाऱ्या गाठींसाठी सेल्युमेटिनिब नावाची गोळी अमेरिकेत २०२० मध्ये मुलांसाठी मंजूर झाली, गाठी लहान होतात, महाग आहे, आणि ती एनएफ-१ च्या गाठींसाठी आहे. साध्या श्वान्नोमासाठी कुणी सुचवली तर नको म्हणा.

आता मुख्य भांडण, दुर्बीण का छाती. दोन्ही डॉक्टर बरोबर असू शकतात, फक्त दोघांच्या डोळ्यासमोर वेगवेगळी गाठ आहे. गाठ देठाची असेल किंवा बुंधा अरुंद असेल, सीटीत भिंतीबाहेर काहीच नसेल, तर दुर्बिणीतून काढणं हे चांगलं, पूर्ण उपचार म्हणून चालतं. तारेचा फास टाकून करंट देऊन कापतात, लेझरने जाळतात, क्रायोने गोठवून ओढून काढतात, बुंध्याला आर्गॉनने शेकतात, ज्याचा हात ज्यात बसलाय ते त्याने करावं. पेशंट दोन दिवसांत घरी. पण गाठ डमरू असेल, बुंधा रुंद असेल, तर दुर्बिणीतून काढणं म्हणजे गवत वरून कापण्यासारखं, मूळ बाहेरच्या बाजूला शिल्लक, ते काही महिन्यांनी नाहीतर काही वर्षांनी परत डोकं वर काढतं. तिथे नळीचा तेवढा तुकडा, दोनचार कड्या, काढून दोन टोकं जोडणं हा कायमचा इलाज. ऐकायला भयानक वाटतं पण बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सर्जन हर्मीस ग्रिलो यांनी ही शस्त्रक्रिया अशी बसवून दिलीय की मोठ्या माणसात गरज पडली तर जवळजवळ निम्मी नळी काढूनही टोकं जुळवता येतात, ताईंना तर दोन सेंटीमीटरच्या आसपासच काढावी लागेल. गाठ वरच्या भागात असती तर मानेतूनच झालं असतं. तुम्ही 'खालच्या भागात' म्हणताय म्हणून छातीच्या उजव्या बाजूने जायची गोष्ट निघाली असणार, ते बरोबरच आहे. ऑपरेशननंतर आठवडाभर हनुवटी छातीकडे झुकवून टाक्याने बांधतात, जोडावर ताण येऊ नये म्हणून. पेशंट याला सगळ्यात जास्त वैतागतात, आधी सांगून ठेवा.

मला विचाराल तर माझा कल असा असतो: आधी रिजिड स्कोपमधून आतला भाग काढून वाट मोकळी करायची, त्याच वेळी भरपूर मांस तपासणीला जातं, बुंधा डोळ्यांनी दिसतो, पेशंट मोकळा श्वास घ्यायला लागतो आणि घाई संपते. मग पक्का रिपोर्ट आणि सीटी समोर ठेवून सर्जनबरोबर बसायचं, मूळ बाहेर असेल तर ठरवून, शांतपणे, तब्येत सुधारल्यावर ऑपरेशन. बाहेर काही नसेल तर लक्ष ठेवत थांबायचं. बाहेरचा भाग पहिल्यापासूनच मोठा दिसत असेल आणि श्वासाला तातडी नसेल तर मात्र मधला टप्पा गाळून सरळ सर्जनकडे.

भूल हा यातला खरा अवघड भाग. पेशंट जागा असतो तोवर तो बसून, मान ठराविक कोनात ठेवून, स्वतःच्या ताकदीने हवा ओढत असतो. त्याला आडवं करून स्नायू सैल करायचं इंजेक्शन दिलं आणि मग नळी गाठीपलीकडे गेलीच नाही, तर पुढचे तीन मिनिटं फार लांब असतात. म्हणून जाणता अ‍ॅनेस्थेटिस्ट श्वास चालू ठेवून हळूहळू झोपवतो, रिजिड हातात घेऊन कुणीतरी शेजारी उभं असतं, आणि फारच अरुंद असेल तर एक्मोची, म्हणजे शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्राची, तयारी ठेवतात. 'काही झालं तर गळ्याला छिद्र पाडू' हे वाक्य ऐकलं तर विचारा, गाठ छिद्राच्या वर आहे का खाली? ताईंची गाठ खाली आहे, ट्रेकिऑस्टॉमी त्यांच्या अडथळ्याच्या वर होईल, म्हणजे काहीच फायदा नाही, वर पुढच्या ऑपरेशनच्या जागेजवळ जखम. लेझर किंवा करंट चालू असताना ऑक्सिजन चाळीस टक्क्यांच्या खाली ठेवतात, नाहीतर नळीत अक्षरशः आग लागते, हे प्रकार झालेले आहेत.

स्टेंटचं कुणी बोललं तर सावध. साध्या गाठीत, जी काढता येते तिच्यात, जाळीचा धातूचा स्टेंट घालू नये, आजूबाजूचं मांस त्यात वाढतं आणि काढताना नळी फाटते. अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने २००५ मध्येच साध्या आजारांत असे स्टेंट वापरण्याबद्दल इशारा दिलाय. रेडिएशन आणि केमोला साध्या श्वान्नोमात काही काम नाही. वाईट प्रकार, म्हणजे नसेच्या वेष्टणाचा कॅन्सर, ज्याला एमपीएनएसटी म्हणतात, तो निघाला तर सगळं बदलतं, मोकळी कड ठेवून मोठं ऑपरेशन, नंतर रेडिएशन, आणि ते कॅन्सर सेंटरलाच. ताईंच्या तीन वर्षांच्या संथ कहाणीवरून मला तरी तसं वाटत नाही, पण शब्द पॅथॉलॉजिस्टचा.

नंतरचं लक्ष ठेवणं लोक विसरतात, कारण श्वास मोकळा झाला की हॉस्पिटल नको वाटतं. दुर्बिणीतून काढली असेल तर मी दीड-दोन महिन्यांनी एकदा, सहा महिन्यांनी एकदा आणि मग वर्षातून एकदा आत बघतो, मध्ये सीटी, निदान पाच वर्षं. मंद गाठ परत यायलाही मंदच असते.

आत्ता काय करायचं तर: पंप स्वतःहून बंद करू नका, काहींना दमा आणि गाठ दोन्ही असतं, मोकळं झाल्यावर पुन्हा स्पायरोमेट्री करून ठरवू. सर्दी-खोकल्याच्या माणसांपासून ताईंना जरा लांब ठेवा, शाळेतून रजा घेतली तर उत्तम. झोपेची गोळी अजिबात नको. बसल्या जागी आवाज यायला लागला, वाक्य पुरं करता येईना, आडवं होता येईना, तर सकाळची वाट न बघता निघायचं, बसवूनच न्यायचं, आणि जवळच्या नर्सिंग होममध्ये नाही तर जिथे रिजिड स्कोप, छातीचा सर्जन आणि अशा नळीची सवय असलेला भूलतज्ज्ञ तिन्ही आहेत तिथे. ते ठिकाण आजच फोन करून ठरवून ठेवा आणि सीटीची सीडी पिशवीत घालून ठेवा, नुसता रिपोर्ट नाही. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राला भेटा, यादीत या गाठीचं नाव शोधू नका, सर्जनकडून ऑपरेशनचं नाव लिहून घ्या आणि ते दाखवा.

आणि मला तीन गोष्टी कळवा: सगळ्यात अरुंद जागी किती मिलिमीटर उरलंय, उभ्या छेदाच्या चित्रात भिंतीबाहेर काही आहे का, आणि एस-१०० चा रिपोर्ट. त्यावरून दोन डॉक्टरांपैकी आधी कुणाकडे जायचं ते सांगतो.